रिकाम्या काट्यावरचं वजन

आर्णीच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये रुपाली इंजिनिअर होती. गाठींचं वजन करायचा इलेक्ट्रॉनिक काटा तिच्याकडे होता. आठवडाभर रोज दुपारच्या सुट्टीत, सगळी मशिनं बंद असताना, तो रिकामा काटा बासष्ट किलो दाखवत होता.

तिने यवतमाळला संघदीपला फोन लावला. दोघं एकाच कॉलेजातले.

"काट्याच्या केबलवरची तांब्याची जाळी एकाच टोकानं अर्थिंगले जोड," तो म्हणाला. "अन् मोटरच्या वायरी दूर ने. त्यायची वीज काट्यात घुसत असंल."

तिने दोन्ही केलं. दुसऱ्या दुपारी पुन्हा बासष्ट. मग तिने मेन स्विच पाडला आणि काटा बॅटरीवर घेतला. आकडा हलला नाही.

तिने हे संघदीपला फोनवर सांगितलं.

"रुपाली, सोड तो काटा. बाहेर ये."

"काहून? काटा माह्या ताब्यात हाय. मी कायले जाऊ? जायचं तर काट्यावर जे बसलं हाय, त्यानं जावं."

ती सरळ काट्यावर चढली. तिचं वजन एक्कावन्न. पडद्यावर एकशे तेरा आले.

"उतर!" ती मोठ्याने म्हणाली.

आकडा उतरू लागला. शंभर, ऐंशी, आणि एक्कावन्नवर थांबला. रुपाली हसली.

मग चाळीस झाले. पाय पत्र्यावर घट्ट टेकलेले होते, तरी एकवीस.

"मी नाही उतरत," ती म्हणाली.

नऊ.