नखातले आठ दिवस

शाळेच्या तपासणीत लेकीची, इराची करंगळी नखवाचकात गेली, तशी वृषाली खुर्चीच्या कडेवर सरकली. रोज घेतलेल्या औषधाची एक रेघ नखात उमटते आणि त्या यंत्रापुढे कुणाचंही खोटं टिकत नाही. आणि तिने तर आत्ताच डॉक्टर मुजावरबाईंना ठणकावून सांगितलं होतं, "पोरीचं दम्याचं औषध एक दिवसही चुकवलेलं नाही."

पडद्यावर गेल्या सहा महिन्यांच्या काळ्या रेघांची रांग उमटली. मध्ये थोडी जागा कोरी होती.

"हे आठ दिवस काय झालं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"जत्रेला गावी गेलो होतो. बाटली घरीच राहिली," वृषाली पुटपुटली. "चुकलं माझं, मॅडम."

डॉक्टरांनी पडद्यावरच्या काळ्या रेघा मोठ्या करून पाहिल्या. मग म्हणाल्या, "बाटली ठेवता कशी?"

"उलटी. शेवटचा थेंबही वाया जायला नको म्हणून."

"या औषधाच्या झाकणातल्या चकतीत शिसं निघालंय, ताई. बाटली उलटी ठेवली की ते औषधात उतरतं. या काळ्या रेघा त्या शिशाच्या आहेत."

वृषालीने पडद्यावरच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. सहा महिन्यांत तिने लेकीला विष पाजलं नव्हतं, ते एवढेच दिवस.