उद्याचा बेत

आई गेल्याचं सांगायला आणि तिची खुर्चीवरची उशी न्यायला वासंती बायकांच्या इंग्रजीच्या वर्गात आली होती. पहाटे अस्थी घेऊन नाशिकला निघायचं होतं.

“कुमुदताईंची लेक ना? बसा त्यांच्या जागी. आज उद्याचा बेत इंग्रजीत सांगायचाय,” बाई म्हणाल्या.

कुणी कुरडया घालणार होतं, कुणी माहेरी जाणार होतं. खिदळण्यातच तिची पाळी आली. वासंती उठली. इतके हसरे चेहरे बघून ठरवलेलं बोलणं ओठांतच राहिलं.

“टुमॉरो आय विल टेक माय मदर टू नाशिक.”

टाळ्या पडल्या.

“लेक असावी तर अशी!” शेजारच्या आजी म्हणाल्या. “आईला म्हणावं, सावकाश फिरून ये. जागा आम्ही राखतो.”

वासंतीनं उशी झटकली आणि पुन्हा खुर्चीवर ठेवली.