उरलेली झुरळं

“सूप आजही अर्धंच ठेवलंस,” डब्याचं झाकण लावता लावता नवरा पुटपुटला. “मग औषधाने तरी काय करायचं?”

डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर ती त्याच्याशेजारी बसली होती. तिची गाठ पुन्हा वाढल्याचं त्याला सकाळीच फोनवर कळलं होतं. तिला त्याच्या चेहऱ्यावरून.

घरात सगळा दोष तिच्याच पदरात पडला होता. लेक म्हणायची, आई झोपत नाही. जाऊबाई म्हणायच्या, मन खंबीर असलं की औषध लागू पडतं. नवऱ्याचा राग सुपावर. केस गेले, नखं काळी पडली, तोंडाची चव गेली. एवढं सोसून नापास तीच.

लग्नानंतर दोघं मिळून लोकांच्या घरांत झुरळांचं औषध मारत आले होते. तो पाठीला पंप लावायचा, ती ओट्याखाली टॉर्च घेऊन आडवी व्हायची. झुरळं पुन्हा निघाली की घरची बाई ओशाळायची. आपणच कुठे पुसायला कमी पडलो, असं तिला वाटायचं. अशा बायकांसाठी त्याचं एक ठरलेलं बोलणं होतं.

आत गेल्यावर डॉक्टर नुसते खाकरले. नवराच पुढे सरकला.

“डोस वाढवा. ती नीट जेवेल आता. मी बघतो.”

ती हसली, चांगली खोकला येईपर्यंत.

“अहो, डोस वाढवला की कच्ची झुरळं मरतात, औषध पचवणारी उरतात आणि पुढची पिल्लं त्यांचीच. हे तुम्हीच शिकवलंत ना मला?”

डॉक्टरांनी मान हलवली. गाठीतल्या पेशींचंही तसंच, म्हणाले; काही तर आत शिरलेलं औषध उपसून बाहेर फेकतात. दुसरं औषध आहे, पण खात्री देता येत नाही.

“खात्री आम्हीही कधी दिली नाही,” ती म्हणाली. मग खुर्ची वळवून नवऱ्यासमोर बसली. “झुरळं उरली तर घरच्या बाईला काय सांगता तुम्ही? मलाही सांगा.”

डबा खाली ठेवून तो गिऱ्हाइकाच्या दारात उभं राहिल्यासारखा ताठ झाला.

“बाई, घर तुमचं स्वच्छच आहे,” तो म्हणाला. “हे औषध आता चालत नाही. दुसरं मारू.”