श्वासापुरती जागा

जहांगीरभाईंनी चाळीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलं. त्यांची लेक नाजिश जर्मनीत मोठमोठ्या वाद्यवृंदांसाठी संगीत लिहायची. ती सुट्टीला लोणारला आली आणि तिकडून निरोप आला, की तिच्या नव्या रचनेतलं क्लॅरिनेटचं तिसरं पान काही केल्या वाजत नाही. कार्यक्रम दहा दिवसांवर आलेला. पोरगी रडकुंडीला आली.

जहांगीरभाईंना नोटेशन वाचता येत नव्हतं. "गाऊन दाखव बेटा, मी वाजवून पायतो," ते म्हणाले.

तिने गायलं, त्यांनी वाजवलं. अर्ध्यातच त्यांना धाप लागली आणि हसूही फुटलं.

"सूर झकास हायेत. पण वाजवणाऱ्याले श्वास घ्यायले जागाच नाही ठेवली तू! इथं जराक थांबू दे त्याले."

नाजिशने तिथे दोन मात्रांची विश्रांती लिहिली आणि पान पाठवून दिलं.

कार्यक्रमाच्या दिवशी अख्खी गल्ली जहांगीरभाईंच्या मोबाइलभोवती जमली. साठ वाद्यं एकदम घुमत होती. मध्येच त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"आयका, आयका! आता क्लॅरिनेटवाला थांबला ना? तेवढं मी लिवलं हाये!"