कावळा शिवला

हृदयाचं ऑपरेशन झालं आणि आयुष्यभर वर्गात शिकवलेला इजिप्त माझ्याच मानगुटीवर बसला. तिथे मेलेल्याच्या तोंडावर त्याच्याच चेहऱ्याचा मुखवटा ठेवत, म्हणजे भटकून परतलेल्या आत्म्याला आपलं शरीर ओळखू येई. मीही देऊळगाव राजाच्या पाथरवटाकडून माझा दगडी मुखवटा घडवून घेतला. त्याचा हात मारुतीवर बसलेला, त्यामुळे गाल फुगीर आले. नाक मात्र हुबेहूब माझं. बायकोने तो पाहिला आणि कपाळाला हात लावला. "जित्या माणसाचं असं कोणी घरात ठेवते का?" म्हणत तिने तो थेट गच्चीवर नेला आणि कुरडया वाळत घातलेली जुनी साडी वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्या टोकावर ठेवून दिला. मी रुसून जिन्याच्या पायरीवर बसलो. तेवढ्यात एक कावळा आला, माझ्या दगडी नाकावर ऐटीत बसला आणि वाकून त्याने कुरडई उचलली. मी टाळीच वाजवली. "अगं, कावळा शिवला! लोक पिंड मांडून तासन् तास त्याची वाट पाहतात, माझ्याकडे तर तो न बोलावता आला. म्हणजे माझी एकही इच्छा मागे राह्यली नाही. आता कधीही गेलो तरी चालेल." तिने वाळवणाजवळची काठी उचलून माझ्या हातात दिली. "तुमची इच्छा राह्यली नसंल, माह्या कुरडया राह्यल्या. उठा, कावळे हाका."