शेवटचं रीळ आधी

एलादिओ आज जिंकायच्या तयारीनंच आला होता. खिशातल्या पेन ड्राइव्हमध्ये तो जुना जपानी राक्षसाचा पिक्चर होता.

थोरल्या भावानं, बेनिग्नोनं, रेशनची वाटाण्याची पूड मिसळलेली कॉफी पुढे ठेवली आणि नेहमीसारखी आपणच काडी टाकली. पोरवयात गावच्या थिएटरात दोघांनी तो पिक्चर पाहिला होता. अर्ध्यावरच राक्षस समुद्रात मरतो, सगळं थिएटर मुसमुसतं, आणि जरा वेळानं तोच राक्षस डोंगरामागून पुन्हा डोकं वर काढतो. असा पिक्चर परत झाला नाही, असं बेनिग्नोचं म्हणणं. एलादिओच्या लेखी तो निव्वळ गाढवपणा होता. मेलेलं कधी उठतं का?

या एका वादावर दोघांनी जन्माचे रविवार काढले होते. दुसरं बोलणार काय? धाकटा कम्युनिस्ट पक्षाचा निष्ठावंत आणि थोरल्याची लेक देश सोडून मायामीला पळून गेलेली. तो विषय निघाला की महिनोन्‌महिने अबोला. राक्षसावरून मात्र कितीही भांडलं तरी कॉफी गोडच लागायची.

गेलेली वीज आली तसा एलादिओनं टीव्ही लावला. राक्षस डोंगरामागून आला, शहरं तुडवली, आणि शेवटी समुद्रात बुडाला. पडदा काळा झाला. बेनिग्नो वाट बघत बसला.

"संपला, दादा," एलादिओ म्हणाला. "त्या दिवशी एकच पिक्चर दोन गावांत वाटून चालला होता. रिळं मोटारसायकलवरून यायची. मधलं रीळ वाटेत अडकलं, लोक खुर्च्या मोडायला उठले, म्हणून आपल्या ऑपरेटरनं शेवटचं आधी लावून दिलं आणि मधलं आलं तेव्हा ते मागून. राक्षस मेल्यावर उठलाच नव्हता."

हे वाक्य त्यानं वाटभर घोळवलं होतं. आता दादा खवळेल, जपान्यांचा उद्धार करेल, असा त्याचा हिशेब. बेनिग्नोनं फक्त चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिला. तो एकदम म्हातारा दिसला. कुठून हा पिक्चर मिळवायची बुद्धी झाली, असं एलादिओला झालं.

"तसं आपल्या ऑपरेटरचंच बरं होतं," तो घाईनं म्हणाला. "मेलेला उठला, तेवढीच तर गंमत होती."

"नाही रे. तुझंच खरं निघालं."

"पण राक्षसाचा तो रबरी सूट? पाठीवरची शिवण दिसते की." यावर तरी दादा कधी गप्प बसला नव्हता.

"दिसते," बेनिग्नो म्हणाला.

एलादिओनं वाद घालण्याजोगं आणखी काही शोधून पाहिलं. सापडेना. बेनिग्नोनं उरलेली कॉफी दोघांच्या कपांत सारखी ओतली आणि मान वर न करता विचारलं,

"आता रविवारी काय बोलायचं आपण, एलादिओ? माझ्या लेकीबद्दल?"