बारा नंबरचं तंगूस

ओइवाने तंगुसाची, गळाच्या नायलॉन दोऱ्याची, दोन रिळं काउंटरवर शेजारी शेजारी ठेवली आणि डाव्या हाताने एकदा हे, एकदा ते पुढे सरकवलं. उजवा हात कोटाच्या खिशात होता. पानगळीच्या सुमारास अर्धांगाचा झटका येऊन गेला, तेव्हापासून तो बहुतेक खिशातच असायचा.

“जाडं घे,” दुकानाचा मालक एस्को म्हणाला. “पंचवीस नंबर. हाताला तरी सापडेल.”

“त्याने तुझी गाय बांध.”

“माझ्याकडे गाय कुठंय?”

“मग स्वतःला बांधून घे.”

ओइवाची बायको लेम्पी शेगडीपाशी कॉफीचा कप घेऊन उभी होती. तिने चमकून नवऱ्याकडे पाहिलं. इस्पितळातून आल्यापासून त्याने कुणाला टोमणा मारला नव्हता.

खिडकीबाहेर सरोवर पांढरं, सपाट पसरलं होतं. त्यावर माणसं आपापल्या खोक्यांवर बसली होती, बर्फाला पाडलेल्या भोकांत गळ सोडून, वाकून. हा सारा हिवाळा ओइवाने त्यांना स्वयंपाकघराच्या खिडकीतूनच पाहिलं होतं. आज सकाळी मात्र तो आपणहून उठला, बूट चढवायला लागला आणि म्हणाला, “एस्कोकडे सोड मला.” लेम्पीने गाडी काढली.

“पंचवीस नंबर थंडीत वेटोळी धरून बसतं,” ओइवा म्हणाला. “खाली पर्च मासा येऊन गळाला तोंड लावून जातो आणि वर हा शहाणा आपला बसलाय. काही कळतच नाही.”

“आणि बारा नंबर लावलंस तर तुला कळणार आहे?”

एस्कोच्या तोंडून निघून गेलं. लेम्पीने कप खाली ठेवला.

“बघू या की,” ओइवा म्हणाला. “तू मागून ओढ. बोटाला जाणवलं की मी ‘आत्ता’ म्हणेन.”

डाव्या हाताने मनगट धरून त्याने उजवा हात खिशातून बाहेर काढला आणि खिडकीच्या कठड्यावर ठेवला. तोंड सरोवराकडे, पाठ दुकानाकडे. एस्कोने जाड्या तंगुसाचं टोक त्याच्या तर्जनीभोवती गुंडाळलं आणि रीळ सोडत सोडत तो पार मागच्या भिंतीपर्यंत गेला, जिथे रबरी बूट टांगलेले होते. तिथून त्याने हलकेच ओढलं. थांबून पुन्हा ओढलं. ओइवाचं बोट किंचित हलताना लेम्पीला दिसलं.

“अरे, सुरू कर ना,” ओइवा म्हणाला.

एस्कोने लेम्पीकडे पाहिलं. मग तो तंगूस गुंडाळत परत आला.

“आता बारीक लाव,” ओइवा म्हणाला. “आणि असं वर नको. पेरावर लाव, मी धरायचो तिथे.”

“राहू दे रे. उन्हाळ्यात होडीतून जाऊ. जाळं टाकू.”

“लाव म्हटलं ना.”

एस्कोने लावलं. बारा नंबर म्हणजे जवळजवळ केसच. खिडकीतल्या उजेडात ते कधी दिसत होतं, कधी नाही.

“तू नको ओढूस. तुझा हात म्हणजे बैलाचा. लेम्पी, तू ये.”

“मला नाही येत. मी कधी धरलाय का गळ?”

लग्न झाल्यापासून तिने या सरोवरातले पर्च सोलले होते, तळले होते, खारवले होते. बर्फावर मात्र ती कधी जाऊन बसली नव्हती. तो एकटाच जायचा आणि तो गेला की घर शांत व्हायचं. ती शांतताही तिला आवडायची.

“त्यात यायचंय काय? पर्चला भूक नसते तेव्हा तो नुसता चाखून बघतो. तसं ओढ. मला झोपेतून उठवताना ओढतेस तसं नाही.”

लेम्पी टांगलेल्या बुटांपाशी जाऊन उभी राहिली. तंगूस तिने चिमटीत धरलं. तिच्यासमोर नवऱ्याची पाठ होती. कोट खांद्यांवर सैल झाला होता. टोपीखालची मान बारीक दिसत होती. आपण ओढायचं आणि त्याने पुन्हा “सुरू कर ना” म्हणायचं, एवढंच आता उरलं होतं. ती थांबली. शेगडीतलं लाकूड तडतडलं. एस्को काउंटरवरच्या कपड्याची उगाच घडी घालत होता.

“आत्ता!” ओइवा म्हणाला.

लेम्पीचा हात हललेला नव्हता.

एस्कोने मान वर केली, तिच्या बोटांकडे पाहिलं आणि तो पुन्हा कपड्याकडे पाहू लागला. मग तिने तंगूस ओढलं, कापडातला दोरा अडकलाय का ते पाहावं इतपतच.

ओइवाची पाठ ताठ झाली.

“लेम्पी.”

“काय?”

“मघाशी मी ‘आत्ता’ उगाच म्हणालो.”

लेम्पीने तंगूस पुन्हा चिमटीत नीट धरलं.

“हे आत्ताचं खरं वाटलं,” तो म्हणाला, “पुन्हा ओढ बघू.”